लकव्यानंतरचे तीन महिने आणि मधले चाळीस किलोमीटर

(हे या भागाचं लेखी रूप. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. रेंज नसेल किंवा हेडफोन घरी राहिला असेल तर वाचून घ्या.)

आज सुरुवात एका व्हॉइस नोटने करतो.

दीड मिनिटाची नोट आहे. मागे पंख्याचा आवाज, मधेच कुकरची शिट्टी. पाठवणारी मुलगी हिंगणघाटजवळच्या एका गावातली, कॉलेजात शिकते. तिला विचारूनच सांगतोय, नाव-गाव वगळून. चार महिन्यांपूर्वी तिच्या बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. दवाखान्यात नेलं, जीव वाचला, दहाव्या दिवशी सुट्टी झाली. आता ते काठी घेऊन अंगणात चालतात, पण उजवा हात नुसता मांडीवर पडून असतो. माय आणि ती, दोघी मिळून रोज व्यायाम करून घेतात. आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहा पिता पिता एकच वाक्य टाकून जातो: "तुम्ही हाताचा व्यायाम बरोबर करून घेतला नाही, नाही तर आतापर्यंत हात आला असता."

तिचा प्रश्न एवढाच होता. "दादा, खरंच आमचं चुकलं का?"

आता, मी डॉक्टर नाही आणि फिजिओथेरपिस्टही नाही. मी कोड लिहितो. त्यामुळे आज जे ऐकाल ते तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी नाही, हे आधीच धरून चला. पण या पोरीच्या प्रश्नावर आपल्याच देशात एक मोठा प्रयोग झालेला आहे. मला तो वाचायला मिळाला तेव्हा वाटलं, हे तिच्या घरी चहा पिणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना ऐकवलं पाहिजे.

[०२:१०] आधी थोडी ओळख

लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू, पॅरालिसिस, स्ट्रोक. घरोघरी नाव वेगळं. बहुतेक वेळा मेंदूकडे जाणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, काही वेळा ती फुटते. ज्या भागाला रक्त मिळत नाही तो भाग मरतो आणि त्या भागाच्या ताब्यात असलेला हात, पाय, बोलणं अडकतं. म्हणजे हात चांगलाच असतो. हाताला हुकूम देणारी जागा गेलेली असते. हे नीट समजून घ्या, कारण तेल चोळून किंवा कबुतराचं रक्त लावून फरक का पडत नाही याचं उत्तर इथेच आहे.

हा शहरातल्या बैठ्या लोकांचा आजार आहे असं कुणाला वाटत असेल तर गडचिरोलीकडे बघा. 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ८६ गावांमधले दोन वर्षांतले मृत्यू तपासले. २०१५ साली तो अभ्यास छापून आला. त्या गावांमध्ये मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण होतं स्ट्रोक, दर शंभर मृत्यूंमागे १४ हून थोडे जास्त. शेतात राबणारी माणसं ही. आपल्यापासून दूर नाही, विदर्भातलीच.

जे वाचतात त्यांचं पुढे काय, हे बघणारी वैद्यकशास्त्राची एक स्वतंत्र शाखा आहे: फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन. आजार थांबल्यावर माणूस परत उठेल कसा, जेवेल कसा, कामाला लागेल कसा, हा तिचा विषय. मुंबईत हाजीअलीजवळ या शाखेची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून आहे. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा-उपचार करणारे, कृत्रिम अवयव बनवणारे, असे सगळे तिथे एका टीममध्ये काम करतात. आपल्याकडे मात्र लोक 'मालिशवाला' आणि 'फिजिओ' यांच्यातसुद्धा फरक करत नाहीत, तर पुढचं काय बोलावं.

[०५:३०] सत्तेचाळीस आणि सत्तेचाळीस

आता तो प्रयोग. नाव 'अटेंड'. भारतातली १४ हॉस्पिटलं, १,२५० रुग्ण, २०१७ साली 'लॅन्सेट' या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात निकाल. लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन आणि सिडनीचे डॉ. रिचर्ड लिंडली यांनी पुढाकार घेतला होता. कल्पना अगदी आपल्या मनातली होती. भारतात थेरपिस्ट कमी, पण घरात माणसं भरपूर. मग दवाखान्यात असतानाच घरातल्या एका माणसाला शिकवायचं: रुग्णाला कसं बसवायचं, उठवायचं, कोणता सराव करून घ्यायचा, पुढच्या काही आठवड्यांत काय गाठायचं. आणि सुट्टी झाल्यावर घरीसुद्धा दोन महिन्यांपर्यंत तो सराव चालू ठेवायचा.

माझ्या धंद्यातल्या लोकांना ओळखीचं वाटेल असं पुढचं पाऊल. रुग्णांचे दोन गट केले, आणि कोण कुठे जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडलं. आम्ही अ‍ॅपमध्ये बटणाचा रंग ठरवायला जी ए-बी टेस्ट करतो तीच, फक्त इथे पणाला माणसं. एका गटाला घरच्यांचं हे प्रशिक्षण, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी मोजायचं काय? किती जण दगावले किंवा रोजच्या कामांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहिले.

निकाल: प्रशिक्षण मिळालेल्या गटात ४७ टक्के. न मिळालेल्या गटात ४७ टक्के.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा टेबल दोनदा वर-खाली केलं. वाटलं, मी चुकीचा कॉलम बघतोय. पण नाही. २०१९ मध्ये चीनच्या ग्रामीण भागात असाच एक प्रयोग छापून आला. तिथे नर्सने घरच्यांना शिकवायचं आणि घरच्यांनी करून घ्यायचं. तिथेही फरक सापडला नाही.

यातून 'व्यायाम फुकट आहे' असा अर्थ काढू नका. दुसरा गटही उपाशी ठेवला नव्हता, त्याला नेहमीचे उपचार मिळतच होते. मोजमापही जाड होतं. शर्टाचं बटण लावता येणं न येणं अशा बारीक गोष्टी त्यात दिसत नाहीत. पण एक गोष्ट मात्र पक्की सांगता येते. तज्ज्ञांकडून शिकून, गाठायचं काय ते ठरवून, महिनोन्‌महिने झटलेल्या शेकडो घरांनाही सरासरीत फरक पाडता आला नाही. तर मग आपल्या या पोरीला आणि तिच्या मायला, ज्यांना सुट्टीच्या दिवशी पाच मिनिटांत कागदावरची चित्रं दाखवली गेली, त्यांना कोण कोणत्या तोंडाने म्हणणार की तुम्ही कमी पडलात?

संशोधकांनी स्वतःच लिहिलंय की नवा पुरावा येईपर्यंत घरच्यांवर हे काम सोपवण्याच्या योजनांमध्ये पैसा घालू नये. त्याऐवजी आरोग्य सहायक किंवा गावपातळीवरची टीम हे काम करू शकते का, ते तपासावं. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. 'कुटुंबाची ताकद' वगैरे ऐकायला छान असतं, आणि सरकारला ते स्वस्तही पडतं. पण त्या 'कुटुंबा'चा अर्थ प्रत्यक्षात एक बाई असतो: बायको, सून नाहीतर पोरगी. स्वयंपाक, गोठा, निंदणं, आणि आता थेरपीही.

[१०:०५] मग अडतं कुठे?

यासाठी मेंदूत काय होतं ते बघू. १९९६ साली रँडॉल्फ नूडो आणि सहकाऱ्यांनी माकडांवर एक प्रयोग केला होता. मेंदूतल्या हाताच्या जागेचा छोटा तुकडा निकामी केला. ज्या माकडांकडून काही करून घेतलं नाही, त्यांच्या मेंदूत शेजारची चांगली जागाही हाताकडून निघून गेली. ज्यांच्याकडून छोट्या खळग्यांतून खाऊ काढण्याचा सराव रोज करून घेतला, त्यांच्यात ती जागा टिकली. काहींमध्ये तर कोपर-खांद्याच्या भागातही हाताने शिरकाव केला. पडीक वावराचं जसं होतं ना, आपण वाहिलं नाही तर शेजारच्याचा धुरा सरकत येतो, तसं काहीसं.

म्हणजे सराव हवा, आणि तो भरपूर हवा. प्राण्यांवरच्या अशा प्रयोगांत एका दिवसात शेकडो वेळा तीच हालचाल होते. माणसांच्या दवाखान्यात किती होते? कॅथरीन लँग यांच्या टीमने अमेरिका-कॅनडातल्या थेरपीच्या सत्रांना बसून मोजलं. २००९ चा अभ्यास. हाताने काहीतरी काम करण्याचा सराव सरासरी ३२ वेळा. बस. श्रीमंत देशात, पगारी थेरपिस्ट समोर असताना, ३२.

आता कुणी लगेच म्हणेल, मग आपण हजार वेळा करून घेऊ. थांबा. त्याच लँग यांनी २०१६ मध्ये ८५ जणांवर वेगवेगळी मात्रा करून बघितली: आठ आठवड्यांत ३,२०० वेळा, ६,४०० वेळा, ९,६०० वेळा. जास्त केलं म्हणून जास्त सुधारणा, असं दिसलं नाही. पण या सगळ्यांचा स्ट्रोक होऊन सहा महिन्यांच्या वर झालेले होते. इथे मला धागा सापडल्यासारखं वाटलं. किती, याच्याइतकंच कधी, हेही बघायला हवं.

[१३:४०] कधी?

वेळेबद्दल दोन अभ्यास लक्षात ठेवा.

पहिला 'अ‍ॅव्हर्ट', २०१५, पाच देशांतले २,१०४ रुग्ण. स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत रुग्णाला उठवून, जास्त आणि वारंवार चालवायचा प्रयत्न करायचा. सगळ्यांना वाटलं होतं फायदाच होईल. झालं उलटं. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले लोक घाई केलेल्या गटात ४६ टक्के, नेहमीच्या गटात ५० टक्के. म्हणजे पहिल्याच दिवशी "उठा उठा, पडून राहू नका" म्हणून ओढाओढ करणं बरोबर नाही.

दुसरा अभ्यास छोटा आहे, ७२ रुग्णांचा, २०२१ मध्ये अमेरिकेत छापलेला. नाव 'सीपास'. अलेक्झांडर ड्रोमरिक यांच्या टीमने केला. नेहमीच्या थेरपीवर हाताची जास्तीची २० तास थेरपी द्यायची. पण एका गटाला पहिल्या ३० दिवसांत, दुसऱ्याला दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान, तिसऱ्याला सहा महिन्यांनंतर, आणि चौथ्याला जास्तीचं काहीच नाही. वर्षभराने हात तपासला. ५७ गुणांची परीक्षा असते ती. सगळ्यात जास्त फायदा दोन ते तीन महिन्यांवाल्यांना, चौथ्या गटापेक्षा जवळजवळ ७ गुण जास्त. पहिल्या महिन्यातल्यांना त्याहून थोडा कमी. सहा महिन्यांनंतरवाल्यांमध्ये ठोस फरक दिसला नाही.

बहात्तर माणसांवर जगाचं धोरण ठरत नाही, मान्य. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांतूनही हेच सुचत होतं की दुखापतीनंतर मेंदू काही काळ जास्त वळणदार असतो. आणि मला या निकालात सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. दोन ते तीन महिने. तेव्हा आपला रुग्ण कुठे असतो? दवाखान्यातून दहाव्या दिवशी सुट्टी झालेली असते. तो घरी खाटेवर असतो. ज्या काळात २० तास नेमके कामाला आले असते, त्याच काळात त्याच्या आसपास शिकलेला माणूस कुणी नसतो.

[१७:२०] हिशोब

आता हिंगणघाटचा नकाशा उघडा. आपल्या जिल्ह्याबद्दल तक्रार करायला खरं तर जागा नाही. सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, कस्तुरबा हॉस्पिटल आहे. सावंगी मेघेला मोठं हॉस्पिटल आहे आणि फिजिओथेरपीचं कॉलेजही आहे. कित्येक जिल्ह्यांत यातलं एकही नसतं. म्हणजे शिकलेली माणसं जिल्ह्यातच आहेत. फक्त मधे रस्ता आहे.

एका बाजूने अंदाजे ४० किलोमीटर धरू. २० तासांची थेरपी, एका वेळी एक तास, म्हणजे २० फेऱ्या. येऊन-जाऊन ८० किलोमीटर गुणिले २० बरोबर १,६०० किलोमीटर. हिंगणघाटहून निघून दिल्ली ओलांडून अमृतसरला पोचाल इतकं अंतर. ते अर्धं अंग जड झालेल्या माणसाला एसटीच्या पायऱ्या चढवत-उतरवत करायचं. सोबत एक माणूस लागतोच, म्हणजे घरातल्या कमावत्या माणसाचे २० दिवस. कापसाचा वेचा सुरू असेल तर ते २० दिवस म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. आणि तुमचं गाव हिंगणघाटच्याही आत आठ-दहा किलोमीटरवर असेल तर हिशोब पुन्हा मांडा.

त्या पोरीला मी विचारलं, सुट्टीनंतर परत किती वेळा गेलात? दोनदा. दोन्ही वेळा औषधं बदलून घ्यायला.

[१९:४५] यंत्र आणि फोन

आपण सगळे फोनवाले लोक. डोक्यात पहिला विचार येतो: एक अ‍ॅप बनवू. माझ्याही आला. खोटं कशाला बोलू, रात्री दोन वाजता नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

मग वाचत गेलो. यंत्रांचं आधी सांगतो. ब्रिटनमध्ये 'रॅटल्स' नावाचा अभ्यास झाला, ७७० रुग्ण, २०१९. हाताला धरून व्यायाम करून घेणारा रोबो, आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या कामात सुधारणा नाही. २०२१ मध्ये एक जास्त आशादायक गोष्ट आली. मानेतल्या व्हेगस नावाच्या नसेला छोटं यंत्र बसवायचं आणि हात हलवताना नेमक्या क्षणी तिला सौम्य झटका द्यायचा. १०८ जणांच्या प्रयोगात, ज्यांना खरा झटका मिळाला त्यांच्यापैकी ४७ टक्के लोकांत दखल घेण्याजोगी सुधारणा. नुसत्या सरावाच्या गटात २४ टक्के. अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. पण ते ऑपरेशन करून बसवायचं यंत्र आहे, आणि त्याच्यासोबत भरपूर थेरपी करावीच लागते. म्हणजे फिरून आपण त्याच ४० किलोमीटरवर.

फोनचं काय? 'स्प्रिंट इंडिया' हा आपल्याकडचा मोठा प्रयोग, ३१ केंद्रं, ४,२९८ रुग्ण, २०२३ मध्ये निकाल. स्ट्रोक झालेल्यांना मोबाइलवर मेसेज, व्हिडिओ आणि एक पुस्तिका, आपापल्या भाषेत. उद्देश व्यायामाचा नव्हता, दुसरा झटका टाळायचा होता. वर्षभरात पुन्हा स्ट्रोक, हृदयाचा झटका किंवा मृत्यू, यांत फरक पडला नाही: ५.५ टक्के आणि ४.९ टक्के. गोळ्या नियमित घेणं आणि दारू सोडणं मात्र व्हिडिओवाल्या गटात थोडं जास्त दिसलं. तेही कमी नाही. पण व्हिडिओ पाठवला म्हणजे काम झालं, असं नाही.

आता त्याच्या शेजारी हा दुसरा अभ्यास ठेवा. स्टीव्हन क्रेमर, अमेरिका, २०१९, १२४ रुग्ण, सगळ्यांचा हात कमजोर. अर्ध्या लोकांनी थेरपीसाठी क्लिनिकला जायचं, अर्ध्यांनी घरीच इंटरनेटवरून करायची. दोघांना ३६ सत्रं, प्रत्येक ७० मिनिटांचं. निकाल: घरची थेरपी क्लिनिकच्या तोडीस तोड.

फरक कळला का? क्रेमर यांच्या प्रयोगात स्क्रीनच्या पलीकडे थेरपिस्ट होता. निम्म्या सत्रांत तो प्रत्यक्ष बघत होता, चुकलं तर सांगत होता, सोपं झालं की अवघड करत होता. फोन तिथे व्हिडिओचा गठ्ठा नव्हता, त्या ४० किलोमीटरवर टाकलेली तार होता. माझ्या रात्री दोनच्या अ‍ॅपमध्ये पलीकडे कुणीच नव्हतं. ते मी बंद करून टाकलं.

मला विचाराल तर आपल्या जिल्ह्यात करून बघण्यासारखं आहे ते हेच. आठवड्यातून दोन व्हिडिओ कॉल सेवाग्राम किंवा सावंगीच्या थेरपिस्टचे, आणि अंगणात रुग्णासमोर एक शिकलेला स्थानिक माणूस. 'आशाताईंना द्या' असं म्हणणं फार सोपं आहे. गरोदर बाया, लसीकरण, सर्वेक्षण सगळं त्यांच्याच माथी, आणि मानधनाचा विषय निघाला की सगळे खाली बघतात. काम द्यायचं तर पैसे आणि प्रशिक्षण दोन्ही द्यावं लागेल. थेरपिस्टच्या फोनवरच्या वेळेलाही फी धरावी लागेल.

[२५:१५] सहा महिने उलटले तर?

हा प्रश्न कॉमेंटमध्ये नक्की येणार, म्हणून आधीच. "सहा महिन्यांनंतर काही होत नाही" हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं. लंडनच्या क्वीन स्क्वेअरला हातासाठी तीन आठवड्यांत ९० तासांचा कार्यक्रम चालतो. २०१९ मध्ये त्यांनी २२४ रुग्णांचे निकाल मांडले. बहुतेकांचा स्ट्रोक होऊन वर्षाच्या वर झालेलं, तरी सुधारणा झाली आणि सहा महिन्यांनी तपासलं तेव्हाही टिकलेली होती. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे छाती ठोकून बोलता येत नाही. पण दार कायमचं बंद होतं, असंही म्हणता येत नाही. जड होत जातं, एवढं खरं.

ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी का होईना हालचाल आहे, त्यांच्यासाठी आणखी एक पद्धत आहे. चांगल्या हातावर दिवसभर जाड मोजा चढवायचा आणि कमजोर हाताला कामाला लावायचं. आपण काय करतो, उजवा चालत नाही म्हणून डावा वापरतो, आणि मेंदू उजव्याला विसरतो. २००६ मध्ये अमेरिकेत २२२ जणांवर दोन आठवड्यांचा प्रयोग झाला, फायदा दिसला, वर्षभर टिकला. पण तो रोज सहा तास प्रशिक्षकासोबतचा सराव होता. चालताना तोल जात असेल तर चांगला हात बांधून ठेवणं धोक्याचं. थेरपिस्टला विचारल्याशिवाय हे घरी सुरू करू नका.

[२८:००] कप्पी

शेवटी एक गोष्ट, जी या सगळ्या मोठ्या अभ्यासांपेक्षा उद्या सकाळी जास्त उपयोगी पडेल.

त्या मुलीने फोटो पाठवला होता. दाराच्या चौकटीला कप्पी, तिच्यावरून दोरी, एका टोकाला बाबांचा कमजोर हात बांधलेला, दुसरं टोक चांगल्या हातात. चांगल्याने ओढायचं, कमजोर वर जातो. विदर्भात मी ही कप्पी किती घरांत बघितली आहे! कुणी तरी सांगतं, कुणी तरी लावून देतं.

लकव्यानंतर खांद्याचे स्नायू ढिले पडतात आणि हाताच्या वजनाने सांधा थोडा खाली उतरू शकतो. अशा खांद्याला दोरीने डोक्यावर ओढलं तर आतल्या आत घासतं. १९९० चा एक छोटा अभ्यास आहे, २८ रुग्णांचा. थेरपिस्टने हाताने व्यायाम दिलेल्यांपैकी ८ टक्के लोकांचा खांदा दुखायला लागला, कप्पीवाल्यांपैकी ६२ टक्के लोकांचा. अमेरिकेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डोक्यावरच्या कप्पीचा व्यायाम करू नये असं स्पष्ट लिहिलंय. आणि खांदा एकदा दुखायला लागला की माणूस हाताला हातही लावू देत नाही. मग सराव कुठला?

त्याच कारणाने, खाटेवरून उठवताना कमजोर हाताला धरून ओढू नका. बगलेत हात घालूनही उचलू नका. कमरेला आधार द्या. बसलेले असताना हाताखाली उशी ठेवा, तो लोंबकळत राहू नये.

हे सगळं मी तिला सांगितलं. चार महिने म्हणजे अजून वेळ गेलेली नाही, हेही सांगितलं. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा औषधाच्या रांगेत उभं राहून परत येऊ नका. डॉक्टरांकडून फिजिओथेरपी विभागात पाठवून घ्या. हाताला थोडीही हालचाल असेल तर कोणता सराव, दिवसातून किती वेळा, ते विचारा. खांदा तपासून घ्या. घरी करत असलेल्या सरावाचा व्हिडिओ फोनवर घेऊन जा आणि दाखवा. आणि थेरपिस्टला सरळ विचारा, आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर बघाल का? फी देऊ म्हणा.

आणखी एक विचारायला सांगितलं, पण ते बाबांना. 'सीपास'मध्ये रुग्णाला काय करायची इच्छा आहे त्यावरून सराव ठरवायचे. कुणाला काय, कुणाला काय. नुसतं हात वर-खाली करण्यात कुणाचं मन रमतं? तर बाबांना विचार, उजव्या हाताने पहिलं काय करायचंय?

दुसऱ्या दिवशी तिची नोट आली. बाबा म्हणाले, खर्रा घोटायचाय. माय मागून ओरडली तेही रेकॉर्ड झालंय. तंबाखूनेच तर नसा बंद होतात, त्यामुळे ते नामंजूर झालं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत म्हणे, आणि संध्याकाळी सांगितलं, शर्टाचं बटण. मायने लावलेलं आवडत नाही.

कालच्या नोटमध्ये ती म्हणाली, मंगळवारी सकाळच्या गाडीने जातोय, प्रश्न वहीत लिहून ठेवलेत. कप्पी सध्या काढून ठेवली आहे.